केतकीला मासा ओळखता आला नाही

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि ज्या दोघांना सांगायला हवं त्यांना तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या विरारच्या मनवेलपाड्यात येऊन, आमच्या जिन्यात उभं राहून तुम्ही बोभाटा करणार नाही, एवढी खात्री आहे.

तुम्हाला वाटेल, हिचं असून असून काय असणार? पाण्याच्या टँकरमधले दोन हंडे जास्त भरून घेतले असतील. घेतले की! दोन कसले, चांगलं पिंप भरलं होतं एकदा, आणि पकडलेही गेले होते. तशा गोष्टींचं मला काही वाटत नाही. ही गोष्ट वेगळी आहे. हिच्यात मला कोणी पकडलेलंच नाही — तीच तर पंचाईत झाली आहे.

सुरुवात मस्कतपासून करते. आमचे हे एअर कंडिशनिंगच्या कामातले. चर्चगेटच्या ऑफिसातून त्यांना मस्कतची नोकरी मिळाली तेव्हा केतकी जेमतेम तीन वर्षांची होती. ठरलं असं, की आधी हे एकटे जातील, आणि तिथे केतकीला चांगली शाळा मिळाली की आम्ही दोघी मागाहून जायचं. शाळा मिळाली तर बिऱ्हाड, नाही तर नाही. हे यांनीच ठरवलेलं. पोरीच्या शिक्षणाची हेळसांड झालेली मला चालणार नाही, असं विमानतळावरसुद्धा दोनदा बजावून गेले.

तिथे गेल्यावर माणसाला शाळेचं वेडच लागलं. दर शुक्रवारी यांना सुट्टी, आणि शुक्रवारी फोन. फोन आमच्याकडे नव्हता, समोरच्या दामलेकाकूंकडे होता. मी काकूंच्या कॉटवर बसून ऐकायची — एका शाळेची बस एसी आहे पण मैदान नाही. दुसरीला मैदान आहे पण त्यात नुसतीच वाळू. तिसरी इंग्रजांची, तिथे मुलं बाईंना नावाने हाक मारतात, ती बाद. मी "हं, हं" करायची आणि काकू शेजारी बसून माझ्या तोंडावरून फोनच्या पलीकडचं वाचायच्या. फोन ठेवला की त्याच विचारायच्या, "मग वाळूवाली का एसीवाली?"

शेवटी वाळूवाली ठरली. आपल्याच लोकांची शाळा, शिस्त चांगली, फक्त जागा मोजक्या. आणि योगायोग बघा, त्या शाळेच्या छोट्या वर्गांच्या मुख्य बाई होत्या वसईच्या! परेरा टीचर. नाताळला गावी यायच्या होत्या. यांनी कोणाच्या तरी ओळखीने त्यांना गाठलं, आणि त्या म्हणाल्या, मुलीला माझ्या घरी घेऊन या, मी तिथेच बघते आणि तिथेच सांगते.

आता खरं सांगू? मला जायचंच नव्हतं.

त्याची काही भारदस्त कारणं असती तर मी ती आधीच सगळ्यांना सांगून मोकळी झाले असते. आजारी सासूबाई, देशाची माती — असलं काहीही नव्हतं. मी सोसायटीची सेक्रेटरी झाले होते, एवढंच. तुम्ही हसाल. हसा. पण त्या काळात विरारला पाण्याची काय दशा होती ते ज्याने ते दिवस काढलेत त्यालाच विचारा. नळ होता, पाणी नव्हतं. बोअरिंगचं पाणी असं खारट की चहा फाटायचा. आणि टँकर यायचा तो माझ्या शब्दावर. माझ्या! पीसीओवरून मी फोन करायची, "आज आला नाहीस तर उद्यापासून दुसरा बघते," आणि तासाभरात टँकर गेटात. बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या, आणि पाईप कोणाच्या हातात? माझ्या. सासवडची मी, लग्नाआधी वडिलांना विचारल्याशिवाय खिडकीत उभी राहिले नव्हते, आणि इथे तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतले साहेब मला "मॅडम, आमची बादली" म्हणत होते.

आणि दुसरंही एक. हे नसताना घरात बरं वाटायचं. यांचं वाईट काही नाही हो. मारलं नाही, पिऊन आले नाहीत, पगार कधी दडवला नाही. पण पंखा दोनवर का चारवर हेही तेच ठरवणार, भाजीत गूळ घातला की चेहरा पाडणार, आणि टॉवेल वाळत घालताना घडी बरोबर मधोमध पडली पाहिजे. हे गेले आणि मी पंखा पाचवर केला. आमटीत गूळ घातला. टॉवेल वाट्टेल तसा टाकला. नवऱ्यावर राग नसताना तो लांब असला तर सुख वाटतं — हे बाईने कोणाला सांगावं?

तर नाताळच्या आधी आम्ही मायलेकी वसईला गेलो. टीचरांचं घर वाडीत, दारात केळी, ओटीवर मुलं येशूचा गोठा मांडत होती. आतून नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच, तळल्याचा वास. परेरा टीचर गाऊनवर, हाताला पीठ, पण चष्मा लावला आणि क्षणात शाळेच्या बाई झाल्या. मी केतकीला वाटेत सांगून ठेवलं होतं, विचारतील तेवढंच बोल.

त्यांनी चित्रांचे पत्ते काढले. सफरचंद. केतकी म्हणाली, अ‍ॅपल. मांजर. कॅट. मग मासा. तांबडा, गोल डोळ्याचा, हसरा मासा. केतकी गप्प. मी मागून हळूच चिमटा काढला. ती गप्पच. पत्ता हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि टीचरांना विचारलं, "हा कुठला?"

त्यांना कळेना. केतकी म्हणाली, पापलेट असं नसतं, ते चपटं असतं. सुरमई लांब असते. बोंबील तर नाहीच नाही. मग त्या माशाच्या गालावर बोट ठेवून म्हणाली, "कल्ला उघडून बघायला पाहिजे. आत लाल असला तर ताजा."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण तिचं काय चुकलं? आमचे हे मालवणचे. आमच्या जिन्यात अर्नाळ्याची मासेवाली मावशी टोपली उतरवायची, आणि केतकी तिच्या मांडीला मांडी लावून बसायची. तिने आयुष्यात "मासा" नावाचा मासा पाहिलाच नव्हता. पाहिला तो पापलेट, नाहीतर बांगडा, नाहीतर मांदेली.

परेरा टीचर इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. आतल्या आपल्या आईला हाका मारून बाहेर बोलावलं, केतकीकडून पुन्हा सगळं वदवून घेतलं. म्हातारी म्हणाली, "बरोबर हाय पोरीचा. कल्ला बघल्याबिगर घेऊ नये." मग टीचर मला म्हणाल्या, आणि हे शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत, "माझ्याकडे पाठ केलेलं बोलणारी मुलं भरपूर येतात. ही बघून बोलते. हिची जागा मी धरून ठेवते. एप्रिलमध्ये घेऊन या."

केतकीला दोन नेवऱ्या मिळाल्या. एक तिने वाटेत खाल्ली आणि एक बाबांसाठी ठेवली. बाबा मस्कतला, नेवरी फ्रॉकच्या खिशात. त्या खिशाचं पुढे काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

माझ्या डोक्यात मात्र घरी पोचेपर्यंत एकच. एप्रिल! म्हणजे टँकर कोणाकडे? दामलेकाकूंकडे? त्यांचा आवाज तर पहिल्या मजल्यापर्यंतही पोचत नाही. तिथे मी कोण असणार, अमक्याची मिसेस. पंखा नाही, एसी, आणि तो कितीवर ते हे ठरवणार.

शुक्रवार आला. फोन आला. देवाशपथ सांगते, मी ठरवून गेले नव्हते. मनात एवढंच होतं की म्हणावं, अजून काही कळवलं नाही त्यांनी, बघू. काकू कॉटवर मटार सोलत होत्या. यांनी विचारलं, "काय झालं? घेतलं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही हो."

"नाही?" यांचा आवाज एकदम लहान झाला. "का?"

का? कारण तयारच नव्हतं. डोळ्यांसमोर जे होतं तेच मी उचललं. म्हटलं, "तिला मासा ओळखता आला नाही."

मग हा माणूस, जो ऑफिसात इंग्रजी आणि घरात शुद्ध मराठी बोलायचा, एकदम मालवणीत ओरडला, "गे, माझ्या चेडवाक मासो वळखूक येना नाय?"

तो आवाज फोनबाहेर आला. काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. आता सांगा, मी ते परत कसं घ्यायचं? आम्ही दोघेच असतो तर कदाचित मी थट्टा केली म्हटलं असतं. पण काकूंनी ऐकलं म्हणजे संध्याकाळपर्यंत पाणी भरायच्या रांगेने ऐकलं. आणि रांगेत पाईप माझ्याच हातात. त्या दिवशी प्रत्येक बाईने हंडा भरता भरता माझं सांत्वन केलं, आणि मी ते घेतलं.

हे म्हणाले, टीचर इकडे परतल्या की मी जाऊन भेटतो, हात जोडतो, पुन्हा एकदा बघा म्हणतो. पण माझं डोकं अशा वेळी फार झकास चालतं. म्हटलं, "काही नको. माझ्या नवऱ्याने कोणापुढे लाचार झालेलं मला खपणार नाही." हे विरघळले. एवढा मान मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच दिला होता. मग पीसीओवर जाऊन मी टीचरांना फोन केला आणि सांगितलं, यांची बदली होतेय, आमचं काही खरं नाही. त्या म्हणाल्या, असं होय, मुलीला जपा हं. दोन खोट्या गोष्टी दोन दिशांना सांगितल्या आणि मध्ये मी निवांत.

इथवर मी तुम्हाला हसत हसत सांगू शकते. पुढचंही थोडं सांगते.

दामलेकाकू जन्माच्या शाकाहारी. कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. पण त्यांना पोरीची दया आली. बाजारातून माशांचा तक्ता आणून त्यांनी आपल्या देवघराशेजारी लावला आणि रोज दुपारी केतकीला समोर बसवून पट्टीने दाखवू लागल्या, "हा मासा. म्हण, मासा." केतकी म्हणे, "काकू, हा हलवा आहे." काकू म्हणत, "हलवा दुधीचा असतो बाळा. हा मासा." यांनी मस्कतहून रबरी मासे पाठवले, मासा काढलेलं दप्तर पाठवलं, माशाच्या आकाराचा साबण पाठवला. लग्नाकार्यात मालवणची मंडळी जमली की कोणीतरी केतकीची हनुवटी धरून म्हणायचं, हीच ना ती? आणि ताटातला तळलेला तुकडा वर करून विचारायचं, हे काय आहे सांग बघू? सगळे हसायचे. मीही.

आणि मग यांचं फर्मान आलं. पाया कच्चा राहिलाय, केजीत पुन्हा बसवा. तिच्या बाई म्हणाल्या, अहो, मुलगी वर्गात पहिली आहे. मी म्हटलं, तिच्या वडिलांची इच्छा आहे. तिच्या मैत्रिणी पहिलीत गेल्या, आणि ही पुन्हा त्याच बाकावर. माझी सेक्रेटरीची खुर्ची तेवढी शाबूत राहिली.

पण हे सुद्धा ते नाही. मी अजून इकडेतिकडेच करतेय ना? कळतंय मला. बोलून टाकते.

काकूंकडचा तक्ता सुरू झाल्यावर एकदा केतकी माझ्याकडे आली. मी वाटण वाटत होते. ती म्हणाली, "आई, मी टीचरना सांगितलं होतं ना माशाचं? त्या हसल्या पण होत्या. नेवरी दिली." चार वर्षांची पोर, पण तिला सगळं नीट आठवत होतं. तिची साक्ष पक्की होती, आणि ती मलाच विचारत होती, कारण तिथे मीच होते तिच्याबरोबर.

मी हात पुसले, तिला जवळ घेतलं — जवळ घेऊन, हे लक्षात घ्या — आणि सांगितलं, "सांगितलंस गं राणी, पण चुकीचं सांगितलंस. म्हणून हसल्या त्या."

ती रडली नाही. नुसती "बरं" म्हणाली आणि काकूंकडे गेली. आणि त्या दुपारी काकूंनी पट्टी ठेवली तेव्हा म्हणाली, "मासा." काकू आनंदाने धावत मला सांगायला आल्या. मी त्यांना चहा दिला.

त्यानंतर केतकीने मावशीच्या टोपलीशी बसणं सोडलं. वर्गात बाईंनी सोपा प्रश्न विचारला तरी ती आधी इतरांची तोंडं बघायची, कोणीतरी उत्तर देईपर्यंत थांबायची, आणि मग तेच म्हणायची. प्रगतिपुस्तकावर शेरा, शांत आणि आज्ञाधारक. हे सुट्टीवर आले की तिला पोटाशी धरून म्हणायचे, जाऊ दे, सगळ्यांनाच हुशारी नसते. बिचारा माणूस तीन अविवाहित पोरांबरोबर एका खोलीत राहून, कच्ची डाळ खाऊन वर्षं काढत होता, आणि पोरीचं बालपण शुक्रवारच्या फोनवर ऐकत होता. परत आले तेव्हा ती त्यांच्या खांद्याला लागत होती. नळाला पाणी येऊ लागलं होतं. टँकर बंद झाले होते आणि सेक्रेटरी कोण याची कोणाला पडलेली नव्हती.

मग सांगितलं का नाही, असं विचाराल. मलाही वाटायचं, दहावी झाली की सांगू. पण त्याआधीच एकदा दैवाने संधी समोर आणून उभी केली, आणि तिचं मी काय केलं तेही ऐका.

केतकी नववीत होती. वसईच्या बाजारात आम्ही केळी घेत होतो, आणि समोर परेरा टीचर. नोकरी संपवून कायमच्या गावी आलेल्या. केस पांढरे, पण मला बरोबर ओळखलं त्यांनी. आणि मग केतकीकडे बघून त्यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! "ही ती? अगं, तुझी जागा मी जूनपर्यंत कोणाला दिली नव्हती! इतक्या वर्षांत तुझ्यासारखी मुलगी माझ्याकडे आली नाही."

माझ्या हातात केळ्यांचा घड. आता — आता म्हटलं असतं की झालं असतं. टीचरच सांगत होत्या, मला नुसतं "हो" म्हणायचं होतं. मी म्हटलं, "तुम्हाला कोणी दुसरी आठवत असेल, टीचर."

त्या गोंधळल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. आणि केतकीनेच त्यांना सावरून घेतलं. अगदी गोड हसून म्हणाली, "हो टीचर, ती मी नाही. मी नापास झाले होते." म्हाताऱ्या बाईंना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्या हाताला हात लावून म्हणाली.

टीचरांनी तिचा हात थोपटला. त्यांना कळलं असणार. मी केळीवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून उगाच भांडण काढलं.

एसटीत केतकी खिडकीशी बसली होती. पापडी गाव मागे गेलं, तरी ती विचारातच होती. मग म्हणाली, "आई, ती दुसरी मुलगी किती हुशार असेल ना गं? टीचरना अजून आठवतेय."

मी म्हटलं, "असेल."